कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर नेमके काय करू शकतो? जेरी ब्राउन यांच्या सोळा वर्षांतून मिळणारे उत्तर

अमेरिकेतील राज्याच्या गव्हर्नरला प्रत्यक्षात किती अधिकार असतात, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण तेथील पन्नासही राज्यांना आपापली स्वतंत्र राज्यघटना आहे आणि प्रत्येक घटनेने हे पद आपल्या पद्धतीने घडवले आहे. त्यामुळे हा विषय समजून घ्यायचा असेल, तर सगळ्या राज्यांची सरासरी काढण्यापेक्षा एका राज्यातील एका गव्हर्नरची कारकीर्द नीट पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. डेमोक्रॅटिक पक्षाचे, कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांची कारकीर्द त्यासाठी विशेष सोयीची आहे. जानेवारी १९७५ ते जानेवारी १९८३ आणि पुन्हा जानेवारी २०११ ते जानेवारी २०१९ असे दोनदा, प्रत्येकी आठ वर्षे ते या पदावर होते. पहिली शपथ घेतली तेव्हा त्यांचे वय ३६ होते आणि अखेर पद सोडले तेव्हा ८०. मधल्या २८ वर्षांत माणूस बदलला असणारच. परंतु त्याहून अधिक बदलले ते पदाभोवतीचे नियम, आणि ब्राउन यांच्या यशापयशातील मोठा वाटा त्या नियमांचा आहे, असे माझे मत आहे.

आधी पदाची रचना पाहू. भारतात राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि राज्यकारभार मुख्यमंत्री चालवतात. अमेरिकेत मात्र राज्यकारभाराचा प्रमुख असलेल्या गव्हर्नरला मतदार थेट निवडून देतात. तो विधिमंडळाचा सदस्य नसतो, त्याच्यावर अविश्वास ठराव येत नाही आणि त्याचे सरकार बहुमत गमावल्यामुळे पडत नाही. याची दुसरी बाजू अशी की, विधिमंडळात त्याचे बहुमत असेलच याची खात्री नसते, आणि स्वतःच्या पक्षाचे आमदारही पक्षादेशाने बांधलेले नसतात. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात ८० सदस्यांची असेंब्ली आणि ४० सदस्यांची सिनेट आहे. गव्हर्नरने १० जानेवारीपर्यंत अर्थसंकल्प मांडायचा, विधिमंडळाने तो १५ जूनपर्यंत संमत करायचा आणि १ जुलैला नवे आर्थिक वर्ष सुरू व्हायचे, असा क्रम ठरलेला आहे. संमत झालेले कोणतेही विधेयक गव्हर्नर नकाराधिकार वापरून परत पाठवू शकतो. अर्थसंकल्पाच्या बाबतीत तर तो संपूर्ण विधेयकाला हात न लावता एखाद्या खर्चाची रक्कम कमी करू शकतो किंवा ती बाबच वगळू शकतो. अमेरिकेच्या अध्यक्षांनाही हा अधिकार नाही. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी आग्रह धरला, तरच गव्हर्नरचा नकार रद्द होतो. याशिवाय न्यायाधीशांच्या नेमणुका आणि शिक्षामाफी हेही त्याच्या हाती असते.

हे वाचून गव्हर्नर म्हणजे राज्याचा अनभिषिक्त राजा वाटेल, पण कॅलिफोर्नियात त्याचे हात दोन ठिकाणी बांधलेले आहेत. पहिली गोष्ट म्हणजे लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर), ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी), कंट्रोलर (राज्याची देणी चुकती करणारा हिशेब अधिकारी), ट्रेझरर (खजिनदार) आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट (निवडणुका व सरकारी नोंदी पाहणारा अधिकारी) यांसारखे महत्त्वाचे पदाधिकारी मतदार स्वतंत्रपणे निवडतात. ते विरोधी पक्षाचेही असू शकतात आणि गव्हर्नर त्यांना काढू शकत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९११ मध्ये, हायरम जॉन्सन गव्हर्नर असताना, रेल्वे कंपनीच्या राजकीय वर्चस्वाला आळा घालण्यासाठी कॅलिफोर्नियाने मतदारांना थेट कायदा करण्याचा अधिकार दिला. पुरेशा सह्या गोळा झाल्या की कोणताही प्रस्ताव मतपत्रिकेवर येतो, आणि साध्या बहुमताने संमत झाला तर राज्यघटनासुद्धा बदलते. त्या बदलावर गव्हर्नरचा नकाराधिकार चालत नाही. पदावरील गव्हर्नरला मुदतीपूर्वी परत बोलावण्याची तरतूदही त्याच वर्षीची.

जेरी ब्राउन यांना हे सगळे घरातच ठाऊक होते. त्यांचे वडील पॅट ब्राउन १९५९ ते १९६७ या काळात कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते; राज्याच्या उत्तरेकडील पाणी दक्षिणेकडे नेणारा विशाल जलप्रकल्प आणि उच्च शिक्षणाचा १९६० चा आराखडा ही त्यांच्या काळातील कामे. जेरी यांची सुरुवात मात्र राजकारणापासून दूर झाली. धर्मगुरू होण्यासाठी त्यांनी काही वर्षे जेझुइट मठात काढली, मग तो मार्ग सोडून बर्कलीत अभिजात भाषांचा आणि येलमध्ये कायद्याचा अभ्यास केला. १९७० मध्ये ते सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणून निवडून आले आणि १९७४ मध्ये, वॉटरगेट प्रकरणामुळे राजकारण्यांवरचा विश्वास उडालेला असताना, स्वच्छ कारभाराचे आश्वासन देऊन गव्हर्नर झाले.

पहिल्या कार्यकाळातील त्यांची राहणी वृत्तपत्रांना फार आवडली. आधीचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या काळात बांधायला घेतलेल्या नव्या गव्हर्नर निवासात राहण्याचे नाकारून त्यांनी भाड्याचे साधे घर घेतले आणि आलिशान मोटारीऐवजी प्लिमथ मोटार वापरली. राज्याने स्वतःचा दळणवळण उपग्रह सोडावा, अशा कल्पना ते मांडत. त्यातूनच शिकागोच्या एका स्तंभलेखकाने त्यांना चांदण्यात रमणारा गव्हर्नर ठरवले आणि ते टोपणनाव त्यांना आयुष्यभर चिकटले. या गमतीदार तपशिलांमुळे एक ठोस काम झाकले जाते. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार कायद्याने शेतमजुरांना वगळले होते. ब्राउन यांनी पहिल्याच वर्षी, १९७५ मध्ये, शेतमालक आणि शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ यांची संघटना या दोघांनाही चर्चेत ओढून शेतमजुरांना गुप्त मतदानाने आपली संघटना निवडण्याचा हक्क देणारा राज्याचा कायदा करून घेतला.

पदाच्या मर्यादाही याच काळात त्यांना एकेक करून कळल्या. १९७७ मध्ये त्यांनी मृत्युदंड पुन्हा लागू करणारे विधेयक नाकारले, तर विधिमंडळाने दोन-तृतीयांश मतांनी त्यांचा नकार रद्द केला. ते विधेयक आणणारे जॉर्ज ड्यूकमेजियन पुढे त्यांच्या जागी गव्हर्नर झाले. १९७८ च्या निवडणुकीनंतर लेफ्टनंट गव्हर्नरपदी रिपब्लिकन पक्षाचे माइक कर्ब आले. गव्हर्नर राज्याबाहेर गेला की त्याचे अधिकार लेफ्टनंट गव्हर्नरकडे जातात, अशी घटनेत तरतूद आहे, आणि ब्राउन तर अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी वारंवार राज्याबाहेर जात. एकदा ते बाहेर असताना कर्ब यांनी एका न्यायाधीशाची परस्पर नेमणूक करून टाकली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १९७९ मध्ये निकाल दिला की कर्ब यांना तो अधिकार होता, मात्र नेमणुकीवर शिक्कामोर्तब होण्यापूर्वी परतलेल्या गव्हर्नरला ती मागे घेण्याचाही अधिकार होता. विमान आणि दूरध्वनीच्या युगात ही तरतूद हास्यास्पद वाटते, परंतु ती अजून घटनेत आहे.

आता या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाच्या घटनेकडे वळू. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती झपाट्याने वाढत होत्या आणि मालमत्ता कर बाजारभावावर आकारला जात असल्याने तोही त्याच वेगाने वाढत होता. ज्यांचे उत्पन्न वाढले नव्हते, विशेषतः निवृत्त लोक, त्यांना राहत्या घरावरचा कर भरणे जड जाऊ लागले. त्याच वेळी राज्याच्या तिजोरीत कित्येक अब्ज डॉलरची शिल्लक पडून होती. काटकसरी ब्राउन यांना ती अभिमानाची बाब वाटे. करदात्यांना मात्र तो आपल्याच खिशातून काढलेला आणि परत न मिळालेला पैसा वाटला. गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्यात करसवलतीच्या योजनेवर वेळेत एकमत झाले नाही, आणि या दिरंगाईत करकपातीचे पुरस्कर्ते हॉवर्ड जार्विस व पॉल गॅन यांनी सह्या गोळा करून प्रस्ताव क्रमांक १३ मतपत्रिकेवर आणला. जून १९७८ मध्ये सुमारे ६५ टक्के मतांनी तो संमत झाला.

या प्रस्तावाने काय केले, हे नीट समजून घेतल्याशिवाय कॅलिफोर्नियाचे पुढचे राजकारण कळत नाही. मालमत्ता कराचा दर मूल्याच्या एक टक्क्यावर आणला गेला. मूल्य १९७५-७६ च्या पातळीवर मागे नेण्यात आले आणि त्यात दरवर्षी जास्तीत जास्त दोन टक्के वाढ करता येईल, असे ठरले. मालमत्ता विकली गेली किंवा नवे बांधकाम झाले तरच नव्या किमतीनुसार मूल्य ठरते. समजा, १९७५ मध्ये एका घराचे मूल्य ५०,००० डॉलर होते. दरवर्षी दोन टक्क्यांनी वाढत २०१० मध्ये ते कागदोपत्री सुमारे एक लाख डॉलर होईल आणि मूळ मालक साधारण १,००० डॉलर कर भरेल. शेजारचे तसेच घर त्या वर्षी सहा लाखांना घेणाऱ्याला मात्र ६,००० डॉलर भरावे लागतील. ही तरतूद केवळ राहत्या घरांना नव्हती. कार्यालये, कारखाने आणि दुकानेही तिच्यात आली. शिवाय यापुढे राज्याचा कोणताही कर वाढवायचा तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतील, अशी अट घटनेत बसली.

ब्राउन यांनी प्रस्तावाला कडाडून विरोध केला होता, पण निकाल लागताच त्यांनी इतक्या उत्साहाने त्याची अंमलबजावणी सुरू केली की, त्यांचाच तो प्रस्ताव होता असे वाटावे. या कोलांटउडीमुळे ते नोव्हेंबरमध्ये सहज पुन्हा निवडून आले. मालमत्ता कराचे उत्पन्न एका वर्षात निम्म्याहून अधिक घटल्याने शाळा, काउंटी (जिल्ह्यासारखे प्रशासकीय घटक) आणि शहरे अडचणीत आली, तेव्हा राज्याने आपली शिल्लक त्यांना वाटून दिली. म्हणजे जी शिल्लक वेळेत करदात्यांना परत केली असती तर कदाचित हा प्रस्ताव इतक्या फरकाने जिंकलाच नसता, तीच शिल्लक त्याचे परिणाम झाकण्यासाठी खर्ची पडली. पहिल्या कार्यकाळातील हे त्यांचे सर्वांत मोठे अपयश होते, असे मला वाटते. सरकारला लगाम घालण्यासाठी केलेल्या या बंडाचा एक उलटा परिणामही झाला: स्थानिक संस्थांचा स्वतःचा उत्पन्नाचा स्रोत आटला आणि त्यांचे लक्ष राज्याच्या राजधानीकडे, सॅक्रामेंटोकडे, लागले. मालमत्ता करासारखे स्थिर उत्पन्न आटल्यावर राज्याची मदार प्राप्तिकरावर आणि त्यातही श्रीमंतांच्या शेअर बाजारातील नफ्यावर वाढत गेली, जो तेजीत भरभरून येतो आणि मंदीत एकाएकी आटतो.

१९८२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटची निवडणूक हरल्यावर ब्राउन पदाबाहेर पडले. त्यांनी जपानमध्ये झेन बौद्ध साधनेचा अभ्यास केला, कोलकात्यात मदर तेरेसा यांच्या संस्थेत काही काळ सेवा केली, १९९२ मध्ये शंभर डॉलरहून मोठी देणगी न घेता अध्यक्षपदाच्या उमेदवारीची लढत दिली आणि नंतर ऑकलंड शहराचे महापौर व राज्याचे ॲटर्नी जनरल झाले. त्यांनी नेमलेल्या सरन्यायाधीश रोझ बर्ड यांना आणि आणखी दोन न्यायमूर्तींना मतदारांनी १९८६ मध्ये, मुख्यतः मृत्युदंडाच्या प्रश्नावरून, पदावरून दूर केले होते; कॅलिफोर्नियात न्यायमूर्तींनाही ठराविक काळाने मतदारांचा कौल घ्यावा लागतो. २००३ मध्ये तर मतदारांनी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मुदतीपूर्वीच परत बोलावले. डेव्हिस हे ब्राउन यांच्या पहिल्या कार्यकाळातील त्यांचे मुख्य सहायक होते.

२००८ च्या मंदीने जे व्हायचे तेच झाले. श्रीमंतांच्या नफ्याबरोबर राज्याचे उत्पन्न कोसळले. त्या काळी अर्थसंकल्प संमत करायलाही दोन-तृतीयांश मते लागत, त्यामुळे अल्पमतातील रिपब्लिकन आमदार करवाढ रोखू शकत होते आणि बहुमतातील डेमोक्रॅट आमदार कपात रोखू शकत होते. २००९ च्या उन्हाळ्यात देणी भागवायला रोकड नसल्याने राज्याने रोखीऐवजी पैसे नंतर देण्याची वचनपत्रे वाटली. नोव्हेंबर २०१० मध्ये, ईबे कंपनीच्या माजी प्रमुख मेग व्हिटमन यांनी स्वतःचे १४ कोटी डॉलरहून अधिक खर्चूनही, ब्राउन निवडून आले. १९९० मध्ये गव्हर्नरपद चार-चार वर्षांच्या दोनच कार्यकाळांपुरते मर्यादित करण्यात आले होते, पण त्यापूर्वीचे कार्यकाळ मोजायचे नसल्याने ब्राउन यांची वाट मोकळी होती.

त्याच दिवशी मतदारांनी आणखी एक प्रस्ताव, क्रमांक २५, संमत केला. त्यानुसार अर्थसंकल्प साध्या बहुमताने संमत करता येऊ लागला आणि तो वेळेत न झाल्यास त्या दिवसांचा आमदारांचा पगार बुडेल, अशी अट आली. करवाढीसाठी मात्र दोन-तृतीयांशाची जुनी अट कायम राहिली. ब्राउन यांच्या पुढील यशाचे श्रेय त्यांच्या परिपक्वतेला देण्याची रीत आहे, आणि ते खोटे नाही. पण हा नियम बदलला नसता तर ती परिपक्वता कितपत कामी आली असती, याची मला शंका आहे.

२५ अब्ज डॉलरहून अधिक तूट समोर असताना ब्राउन यांनी निम्मी कपात आणि निम्मा महसूल अशा मार्गाने जायचे ठरवले. मतदारांना विचारल्याशिवाय कर वाढवणार नाही, असे वचन त्यांनी दिले होते, आणि तो प्रश्न मतदारांपुढे ठेवण्यासाठी त्यांना रिपब्लिकन पक्षाची मोजकी चार मते हवी होती. महिनोन् महिने मनधरणी करूनही ती मिळाली नाहीत. जून २०११ मध्ये डेमोक्रॅट आमदारांनी घाईघाईने आकडे जुळवून अर्थसंकल्प संमत केला, तेव्हा ब्राउन यांनी स्वतःच्याच पक्षाचा तो संपूर्ण अर्थसंकल्प नाकारला. राज्याच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. पाठोपाठ कंट्रोलर जॉन चिअँग यांनी तो अर्थसंकल्प संतुलित नव्हता असे ठरवून आमदारांचे पगार थांबवले. चिअँगही डेमोक्रॅटच, पण स्वतंत्रपणे निवडून आलेले. काही दिवसांतच नवा अर्थसंकल्प तयार झाला. त्याच वर्षी ब्राउन यांनी सुमारे ४०० स्थानिक पुनर्विकास संस्था मोडीत काढून त्यांच्याकडे जाणारा मालमत्ता कर शाळा आणि इतर सेवांकडे वळवला, आणि त्यासाठी महापौरांचा रोष पत्करला.

विधिमंडळाचे दार बंद झाल्यावर त्यांनी १९७८ मध्ये आपल्यावर उलटलेलेच हत्यार उचलले. सह्या गोळा करून त्यांनी २०१२ मध्ये प्रस्ताव क्रमांक ३० थेट मतदारांपुढे ठेवला: विक्री करात चार वर्षांसाठी पाव टक्का वाढ आणि अडीच लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांच्या प्राप्तिकरात सात वर्षांसाठी वाढ. वाढ ठराविक मुदतीची होती, पैसा मुख्यतः शिक्षणाकडे जाणार होता आणि प्रस्ताव फेटाळल्यास शाळांच्या खर्चात कपात होईल, अशी तरतूद अर्थसंकल्पात आधीच करून ठेवली होती. सुमारे ५५ टक्के मतांनी तो संमत झाला. पुढे अर्थव्यवस्था सावरली आणि शेअर बाजार चढला, तेव्हा आमदारांना खर्च वाढवण्याची घाई झाली. ब्राउन यांनी मात्र २०१४ मध्ये प्रस्ताव क्रमांक २ द्वारे तेजीतील जादा उत्पन्नाचा काही भाग गंगाजळीत टाकण्याचे बंधन घटनेत घालून घेतले. शिल्लक नुसती पडून राहिली तर लोक चिडतात, हे १९७८ ने त्यांना शिकवले असावे. या वेळी शिल्लक कशासाठी ठेवायची आणि ती केव्हा वापरायची, हे आधी मतदारांकडूनच ठरवून घेतले गेले. त्यांच्या शेवटच्या अर्थसंकल्पात या गंगाजळीत १३ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम होती.

तुरुंगांचा प्रश्न अधिक अवघड निघाला, कारण त्याचे मूळ त्यांच्याच सहीत होते. पूर्वी कॅलिफोर्नियात न्यायाधीश शिक्षेची कमाल-किमान मर्यादा सांगत आणि कैदी केव्हा सुटणार ते सुटका मंडळ ठरवी. एकाच गुन्ह्याला वेगवेगळ्या कैद्यांनी फार वेगवेगळी मुदत भोगावी, हे अन्यायाचे आहे, असे तेव्हा डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना वाटत होते. म्हणून १९७६ मध्ये ब्राउन यांनी निश्चित मुदतीच्या शिक्षेचा कायदा केला. त्यामुळे मुदत ठरवणे विधिमंडळाच्या हाती आले, आणि पुढच्या प्रत्येक निवडणुकीत आमदार ती वाढवत गेले. सत्तरच्या दशकात वीस हजारांच्या आसपास असलेली कैद्यांची संख्या २००६ मध्ये सुमारे १,७३,००० वर गेली, तर तुरुंगांची मूळ क्षमता ८०,००० हून थोडी कमीच होती. मे २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही गर्दी म्हणजे क्रूर शिक्षाच असल्याचे मान्य करून ती क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश कायम केला. गव्हर्नर या नात्याने त्या खटल्याच्या शीर्षकात ब्राउन यांचेच नाव आहे. त्यांनी आधी न्यायालयाशी बरीच झुंज दिली, कमी गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांची जबाबदारी काउंट्यांकडे सोपवली, आणि २०१६ मध्ये प्रस्ताव क्रमांक ५७ मतदारांपुढे ठेवून, अहिंसक गुन्ह्यांतील कैद्यांना मूळ गुन्ह्याची मुदत भोगल्यावर सुटकेचा विचार व्हावा, हा हक्क मिळवून दिला. चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या कायद्याचे परिणाम आपल्याला दिसले नव्हते, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. इतका काळ लोटल्यावर स्वतःचाच कायदा दुरुस्त करण्याची संधी फारच थोड्या राजकारण्यांना मिळते.

हवामानबदलावरील त्यांच्या कामाचा गाजावाजा जगभर झाला. २०३० पर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत ४० टक्क्यांनी कमी करण्याचे आणि २०४५ पर्यंत राज्यात विकली जाणारी सर्व वीज कार्बनमुक्त करण्याचे कायदे त्यांच्या सहीने झाले. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांना जोडणाऱ्या वेगवान रेल्वेच्या कामाचा प्रारंभ त्यांनी २०१५ मध्ये फ्रेस्नोत केला, पण ते पद सोडेपर्यंत या मार्गावर एकही गाडी धावली नव्हती.

प्रस्ताव क्रमांक १३ ला हात लावण्याचा प्रयत्न मात्र ब्राउन यांनी दुसऱ्या कार्यकाळात केला नाही. हरणारी लढाई कोणती, हे ओळखण्याइतका अनुभव त्यांच्या गाठीशी होता. ते निवृत्त झाल्यानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये, घरांचे संरक्षण कायम ठेवून केवळ मोठ्या व्यापारी मालमत्तांवर बाजारभावाने कर आकारण्याचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आला. त्यांचे उत्तराधिकारी गॅव्हिन न्यूसम यांनी त्याला पाठिंबा दिला होता, तरीही सुमारे ५२ टक्के मतदारांनी तो फेटाळला.